हॉलमध्ये जपानी निसर्गचित्रं: कॅनव्हास की कागद, आणि कोणती लावू?

शिरीषफूल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. नव्या घरात राहायला आलोय, हॉलमध्ये सोफ्याच्या मागे एक लांबलचक भिंत मोकळी आहे, अकरा फूट तरी असेल. रंग ऑफ व्हाइट. समोर पश्चिमेची मोठी खिडकी. मला जपानी लाकडी ठशांची निसर्गचित्रं कॉलेजपासून आवडतात, होकुसाई, हिरोशिगे वगैरे जुन्या चित्रकारांची. ओरिजिनल आपल्या आवाक्यातलं नाही हे उघड आहे, पण चांगल्या प्रतिकृती लावायच्या आहेत. ऑनलाइन बघितलं तर जिथे तिथे पाच फुटी कॅनव्हासवर होकुसाईची ती प्रसिद्ध लाट विकायला आहे, नवरा म्हणतो ती लाट आता सलूनमध्ये पण असते. तर एक मोठं चित्र लावू का चार-पाच लहान, कॅनव्हास घेऊ का कागदावर छापून फ्रेम करू, आणि मुख्य म्हणजे लाट सोडून कोणती चित्रं? बजेट फ्रेमसकट वीसेक हजार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फुकटफौजदार
चहा आणि खारी घेऊन बसलोय. चालू द्या.

घाटवाट
नवऱ्याशी सहमत. लाट मगवर आहे, टीशर्टवर आहे, मोबाईलच्या कव्हरवर आहे आणि २०२४ च्या जुलैपासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरसुद्धा आहे. घरी आणून काय करणार?

निळीशाई
लाटेला इतकं झोडपू नका हो, चित्राचा काय दोष. पण पाच फुटी कॅनव्हास मात्र अजिबात घेऊ नका, आणि हे मी कलाप्रेमी छापाच्या शिष्टपणातून सांगत नाहीये, कारण सांगते.

मूळ चित्र केवढं असतं माहितीये का? साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटर. म्हणजे ए४ पेक्षा मोठं आणि ए३ पेक्षा जरा लहान. तेव्हाच्या ठशांचा हा ठरलेला आकार होता, ओबान म्हणतात. हे चित्र हातात धरून बघायला केलेलं आहे. तेवढ्या अंतरावरून बघितलं तर आधी लाट दिसते, मग त्या तीन होड्या, मग होड्यांमध्ये वल्ह्यांवर वाकून चिकटलेली माणसं, आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं की मधली ती छोटीशी टोकदार लाट नाहीये, फुजी आहे. ही गंमत जवळ जाऊन बघण्यात आहे. तेच पाच फूट केलंत की फेसाची बारीक नखं बोटाएवढी जाड होतात, आणि सगळं एकदम दारातूनच दिसतं, नंतर बघायला काही उरतच नाही.

दुसरं म्हणजे रंग. या चित्रांत आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो आणि तो खाली येता येता विरत जातो. त्याला बोकाशी म्हणतात. छापणारा माणूस प्रत्येक कागदाच्या वेळी ओल्या लाकडावर ब्रशने रंग हाताने विरवतो आणि मग छापतो. स्वस्त कॅनव्हास प्रिंटमध्ये त्या पट्ट्याच्या पायऱ्या पायऱ्या पडतात आणि वर ते विणकामाचं टेक्स्चर. तैलचित्राला कॅनव्हास ठीक आहे, कागदावरच्या कामाला कशाला?

गवाक्ष
निळीशाई, कलेच्या बाजूने सगळं मान्य, पण मी घरं सजवून देण्याच्या धंद्यात आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. अकरा फुटी भिंतीवर ए३ चं एक चित्र म्हणजे मोठ्या पाकिटावर टपाल तिकीट. खाली सात फुटी सोफा असणार, त्याच्यावर एवढंसं काही लावलं तर भिंत अजूनच उघडी दिसते. क्लायंटला मी नेहमी सांगतो की सोफ्याच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांश जागा वरच्या मांडणीने भरली पाहिजे. मग एक मोठं घ्या नाहीतर ग्रुप करा. मोठं करायचंच असेल तर कॅनव्हास नको, मॅट पेपरवर, पण ३ फुटांपर्यंत मोठं करायला काय हरकत आहे? होकुसाई काय उठून भांडायला येणार आहे?

फुकटफौजदार
होकुसाई येईल की नाही माहीत नाही, निळीशाई नक्की येणार.

निळीशाई
आलेच! :)
गवाक्ष, ग्रुप करा हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, भांडण फक्त मोठं करण्याशी आहे. क्लोद मोनेचं जिव्हर्नीचं घर बघा, फोटो सगळीकडे आहेत. जेवणाची खोली अख्खी पिवळी, भिंती पिवळ्या, कपाटं पिवळी, आणि त्यावर जपानी प्रिंट्सच प्रिंट्स, मूळ आकारातच, साध्या बारीक पट्टीच्या फ्रेममध्ये. मोनेने अशी दोनशेच्या वर जमवली होती. एकही चित्र मोठं केलेलं नाही आणि तरी भिंत भरलेली आहे.

शिरीषफूल
बापरे, एवढी उत्तरं! धन्यवाद सगळ्यांना. मोनेची खोली बघितली, फार आवडली, पण आमच्याकडे पिवळ्या भिंतीला मतदानात एकच मत पडेल, माझं. ग्रुप करायची कल्पना मात्र घरात पास झाली.

आज्जीचा_बटवा
एक विचारू का, रागावू नका. आमच्याकडे वास्तूवाले म्हणतात की बुडत्या होडीचं चित्र घरात लावू नये. त्या लाटेत तर तीन होड्या आहेत.

घाटवाट
आज्जी, होड्या बुडत नाहीयेत, लाट फुटायच्या आधीचा क्षण आहे. आशावादी राहा.

एक_पुणेकर
आशावादी कसले, त्या मासे पोचवायच्या जलद होड्या आहेत, ताजी मासळी बाजारात वेळेत पोचवायची म्हणून आठ-आठ वल्हेकरी जिवावर उदार होऊन निघालेत. डिलिव्हरीवाले आहेत ते. दहा मिनिटांत पोचवतो म्हणणाऱ्यांनी ऑफिसात लावावं हे चित्र.

फुकटफौजदार
खिक्!

आज्जीचा_बटवा
मग ठीक आहे, लक्ष्मीच आहे ती. लावा ईशान्येला. :)

तोक्योकर
इथे तोक्योत राहतो म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. सगळे जण प्रतिकृती म्हणजे डिजिटल प्रिंट असं धरून चाललेत. अजून एक प्रकार असतो, जुनं चित्र समोर ठेवून नव्याने लाकूड कोरायचं आणि जुन्याच पद्धतीने हाताने छापायचं. इथे याला फुक्कोकु म्हणतात. तोक्योत अदाची म्हणून संस्था आहे, त्यांचे कारागीर हेच करतात, मेजिरोला त्यांची शोरूम आहे, बघायला पैसे पडत नाहीत. क्योतोत उन्सोदो म्हणून जुने प्रकाशक आहेत, ते अजून लाकडी ठशांनी छापतात.

काम कसं चालतं ते एकदा प्रात्यक्षिकात बघितलं. डोंगरी चेरीचं लाकूड, कारण ते घट्ट असतं आणि बारीक रेष तुटत नाही. आधी काळ्या रेषांचा एक ठसा, मग प्रत्येक रंगाला वेगळा. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला एक एक खाच असते, कागद तिथे बरोबर टेकवायचा म्हणजे रंग इकडेतिकडे सरकत नाही. रंग पाण्यातला, त्यात जरा भाताची खळ. कागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा, आधी ओलसर करून ठेवलेला. कागद ठेवायचा आणि पाठीवरून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या एका चपट्या गोल गादीने, बारेन म्हणतात तिला, अंगाचा जोर लावून घासायचं. प्रेस नाही, मशीन नाही. तो माणूस मांडी घालून बसला होता आणि उठता-बसता अख्खं वजन त्या बारेनवर टाकत होता, आणि कागद उचलला तर आकाशाची कड अशी विरलेली की ओठातून वा निघून गेलं.

म्हणजे बघा, हे चित्र पहिल्यापासून चार लोकांचं काम होतं: चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि पैसे लावणारा प्रकाशक. होकुसाईने स्वतः लाट छापली नाही की कोरली नाही. आज तेच काम आजच्या कारागिराने केलं तर त्याला नुसतं नक्कल म्हणणं मला जड जातं. किंमत दहा हजार येनच्या पुढे जाते, चित्रागणिक बदलते. एक तरी असं घ्या.

गवाक्ष
पाच एकदम नकोत, आधी एकाचं बजेट बघा. पण कल्पना उत्तम. मध्यभागी एक हाताने छापलेलं आणि भोवती डिजिटल?

निळीशाई
नको नको, शेजारी शेजारी लावलं तर डिजिटलवाल्याची लगेच पोल उघडी पडेल. वेगळ्या भिंतीवर लावा.

घाटवाट
मला एक मूलभूत प्रश्न आहे. हे सगळं ठीक, पण आपल्या घरात फुजी कशाला? सह्याद्री काय वाईट आहे? पावसाळ्यातला वरंधा घाट घ्या, हरिश्चंद्रगड घ्या. आपल्याकडच्या चित्रकारांची जलरंगातली निसर्गचित्रं वीस हजारात ओरिजिनल मिळतील, ओरिजिनल! प्रतिकृतीला एवढे पैसे घालण्यापेक्षा जिवंत माणसाच्या हातात द्या की.

रानजाई
+१ घाटवाट. माझ्याकडे कोल्हापूरच्या एका तरुण चित्रकाराचं पन्हाळ्याचं चित्र आहे, रोज बघते आणि रोज छान वाटतं.

बोरुबहाद्दर
मुद्दा चांगला आहे पण प्रतिकृती भिंतीवर लावायची आपल्याला नवी नाही हो. राजा रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात कुठून आली? रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छापायचे, आणि तिथेही एकेका रंगाला वेगळा दगड. म्हणजे तत्त्व तेच, लाकडाऐवजी दगड. ज्यांच्या घरी ओरिजिनल तैलचित्र यायची शक्यता नव्हती त्यांच्या देवघरात ते पोचलं. जपानातही हेच, लाट छापली तेव्हा एका प्रतीची किंमत नूडल्सच्या दोन वाडग्यांपेक्षा फार जास्त नव्हती म्हणतात. आणि आता तीच जुनी प्रत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हा प्रतिकृतीची लाज बाळगू नका.

दुसरं, घाटवाट, तुम्हाला सह्याद्री हवाय ना? मग योशिदा हिरोशी बघा. १८७६ ते १९५०. हा माणूस डोंगर चढणारा चित्रकार होता, आणि १९३०-३१ च्या सुमारास भारतात येऊन भटकला आणि परत जाऊन त्याची प्रिंट्स केली. ताजमहाल आहे, बनारसचा घाट आहे, उदयपूर आहे, कांचनजंगा आहे, आणि अजिंठा-वेरूळही आहेत! लाकडी ठशात जपानी माणसाने केलेलं वेरूळ. मराठी माणसाच्या हॉलमध्ये याहून काय शोभेल?

घाटवाट
हे माहीतच नव्हतं!! आत्ता शोधलं. माझे मुद्दे सगळे मागे, फोल्डर सेव्ह केलं. :)

एक_पुणेकर
अवांतर: जपानशी आपलं नातं मोठं आहे, पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर. तिथे आता अर्धी गर्दी प्रीवेडिंग शूटवाल्यांची असते. नवरी पुलावर उभी, नवरदेव झाडामागून डोकावतोय आणि फोटोग्राफर ओरडतोय "काका जरा बाजूला". ते काका म्हणजे मी.

फुकटफौजदार
काकांचा एक फोटो हॉलमध्ये लावा.

तोक्योकर
योशिदाचं नाव निघालं म्हणून. त्याचं एक वेगळेपण असं की स्वतःची कार्यशाळा काढली आणि कोरणाऱ्या-छापणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेतलं, काही वेळा हातही लावला. त्याच्या देखरेखीखालच्या मूळ प्रतींच्या डाव्या कडेला 'जिझुरी' असा छोटा शिक्का असतो, जुनी प्रत घेणारे आधी तोच शोधतात. १९२६ ची शिडाच्या होड्यांची मालिका बघा, तेच ठसे पण रंग बदलून सकाळ, दुपारच्या आधी, दुपारनंतर, धुकं, संध्याकाळ, रात्र अशी सहा चित्रं. ओळीने तीन लावली तर गवाक्षच्या दोन तृतीयांशच्या हिशोबात अगदी बसतील.

गवाक्ष
हे मात्र मस्त! एकच चित्र वेगवेगळ्या उजेडात, ओळीत. सोफ्यावर याहून चांगलं काही नाही. कोणी क्लायंट मिळाला तर हीच आयडिया माझी म्हणून खपवणार.

मोरपंखी
आता मी जरा कटकट करते. एवढं सगळं चित्राबद्दल बोललात, फ्रेमबद्दल कोणीच नाही. आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याने माझ्या एका छान प्रिंटची वाट लावली होती. प्रिंट हार्डबोर्डवर गोंद लावून घट्ट चिकटवलं, वर लॅमिनेशन मारलं, म्हणाला मॅडम आता शंभर वर्षं काही होणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगे आले आणि कोपऱ्यात तपकिरी डाग. काढायला गेले तर कागद बोर्डाबरोबर सोलून निघाला. तेव्हापासून फ्रेमवाल्याला आधीच सांगते: चिकटवायचं नाही, लॅमिनेशन नाही, चित्राची वरची कड फक्त पातळ कागदी पट्टीने माउंटवर, म्हणजे फ्रेमच्या आतल्या जाड पुठ्ठ्यावर, टांगायची, खाली मोकळी. माउंट आणि मागचा बोर्ड ॲसिड फ्री मागा, तो महाग पडतो आणि बऱ्याच फ्रेमवाल्यांकडे नसतो, आधी फोनवर विचारा. आणि चित्र काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी पाहिजे, नाहीतर दमटपणात कागद काचेला बसतो तो बसतोच.

मागे चारी कोपऱ्यांना कॉर्कचे छोटे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर सुटते आणि मागे हवा खेळते. बाहेरच्या भिंतीला, म्हणजे जिच्या पलीकडे पाऊस पडतो तिला, तर हे पाहिजेच पाहिजे. वर्षातून एकदा काढून मागून बघा, कसर असेल तर आधी तिथेच दिसते.

रानजाई
मोरपंखीला हजार मोदक. फक्त या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत.

निळीशाई
मोरपंखी, अगदी. त्यात एक भर, शिरीषफूल, तुमच्या समोरच्या पश्चिमेच्या खिडकीबद्दल. दुपारचं ऊन थेट या भिंतीवर येतं का? येत असेल तर डिजिटल प्रिंट साध्या इंकमध्ये छापू नका, पिग्मेंट इंक मागा. आणि काच यूव्हीवाली किंवा चक्क ॲक्रिलिक. जुन्या जपानी चित्रांतले वनस्पतींचे रंग, विशेषतः केन्याच्या जातीच्या फुलांचा निळा आणि करडईच्या फुलांचा लाल, उजेडात विटून जायचे. मग १८३० च्या आसपास मूळ बर्लिनमध्ये शोधलेला कृत्रिम निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, तिथे स्वस्तात मिळायला लागला आणि निसर्गचित्रांचा चेहराच बदलला. होकुसाईच्या 'फुजीची ३६ दृश्यं' या मालिकेतला निळा तोच, लाटही त्यातलीच. अवांतर, ती ३६ म्हणतात पण आहेत ४६, इतकी खपली की प्रकाशकाने आणखी १० काढायला लावली.

एक_पुणेकर
म्हणजे एक्स्ट्रा पॅकसारखं. ३६ वर १० फ्री.

तोक्योकर
उजेडाचा मुद्दा इतका खरा आहे की इथल्या सुमिदा होकुसाई म्युझियममध्ये सुद्धा कायमच्या दालनात प्रतिकृतीच लावल्या आहेत. ओरिजिनल थोडे दिवस मंद उजेडात दाखवतात आणि परत आत. तेव्हा घरी प्रतिकृती लावतोय म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा म्युझियमची पद्धत आहे.

शिरीषफूल
हो, ऊन येतं, चार ते सहा. पडदा असतो पण नेहमी लावलेला असेलच असं नाही. बरं, आता मला मुख्य सांगा, फाइल कुठून घेऊ? विकत घेतलेल्या पोस्टरपेक्षा स्वतः छापून घ्यावं असं वाटतंय. कॉपीराइटचं काय?

बोरुबहाद्दर
होकुसाई गेला १८४९ ला, हिरोशिगे १८५८ ला, त्यांचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून अशा चित्रांचे मोठे फोटो कोणत्याही वापरासाठी मोकळे केलेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनेही. विसाव्या शतकातला ठशांचा चित्रकार हासुई १९५७ ला आणि योशिदा १९५० ला गेले, भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो दोघांचाही संपलाय. पण त्यांची चांगली मोठी फाइल मिळणं जरा अवघड जातं.

फाइल घेताना पिक्सेल बघा. ए३ ला ३०० डीपीआय पाहिजे तर साधारण ३५०० बाय ४९०० पिक्सेल. मोबाईलवर छान दिसते म्हणून घेतलेली फाइल छापल्यावर धूसर येते.

निळीशाई
आणि एकाच चित्राच्या दोन-तीन म्युझियमच्या फाइल उघडून शेजारी ठेवून बघा. चक्रावून जाल. होकुसाईचा लाल फुजीच घ्या, एका प्रतीत डोंगर विटकरी लाल आहे, दुसऱ्या जुन्या प्रतीत चक्क फिकट गुलाबी, आणि लाकडाच्या रेषासुद्धा दिसतायत. लाटेच्या मागचं आकाश बहुतेक प्रतींत आता करडं-पिवळट दिसतं, काहींत गुलाबी छटा टिकलेली आहे. प्रत्येक प्रत वेगळी छापली आणि वेगळी जुनी झाली. जी आवडेल ती निवडा, पण प्रिंटरवाल्याला "कागद पांढराशुभ्र करून द्या" सांगू नका. तो जुना बदामी कागद काढून टाकला की सगळे रंग एकदम बटबटीत होतात.

गवाक्ष
इथे थोडा मतभेद. ऑफ व्हाइट भिंतीवर बदामी कागद कधी कधी मळका दिसतो, फोटोकॉपी जुनी वाटते. मी थोडा उजळ करून घेतो, अगदी दहा टक्के. क्लायंट खूष असतात.

निळीशाई
क्लायंट खूष, हिरोशिगे नाखूष.

मी_आणि_चहा
कोणीतरी मूळ प्रश्नाचं उत्तर द्या की! कोणती चित्रं ते अजून कोणीच सांगितलं नाही, चार पानं झाली.

फुकटफौजदार
यालाच धागा म्हणतात.

रानजाई
मी सांगते. मला पाऊस आवडतो म्हणून हिरोशिगे. एदो (आताचं तोक्यो) ते क्योतो या तोकाइदो रस्त्याच्या ५३ मुक्कामांची मालिका, १८३३-३४ ची, त्यातलं शोनो बघा. अचानक आलेली पावसाची सर, तिरक्या रेषा, मागे बांबूचं बन तीन छटांत वाकलेलं, आणि चढावर पालखीवाले पळतायत, उतारावर एकजण छत्री पुढे धरून धावतोय. घाटात जून महिन्यात अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि १८५७ चं ओहाशी पुलावरचा पाऊस, व्हॅन गॉगने ज्याची १८८७ मध्ये तैलरंगात नक्कल केली तेच. ते उभं आहे.

तोक्योकर
शोनोला +१. त्याच मालिकेतलं कानबारा, रात्रीचा बर्फ, जवळजवळ सगळं काळ्या-करड्या रंगात. गंमत म्हणजे कानबारा शिझुओकात आहे, हवा उबदार, तिथे असा बर्फ सहसा पडतच नाही. हिरोशिगेने सरळ मनाने पाडला.

होकुसाईचं हवं असेल तर लाट सोडा, एजिरी घ्या. रस्त्यावर सोसाट्याचा वारा, एका बाईच्या हातातले कागद उडून आकाशात चाललेत, कुणाची टोपी उडालीये, सगळे वाकलेत, आणि मागे फुजी फक्त एका रेषेत. एकच रेष! बाकी सगळा गोंधळ माणसांचा.

मोरपंखी
हासुई कोणीच नाही घेतला? १९२५ चं झोजोजी: लाल देऊळ, धो धो बर्फ, छत्री तिरकी धरून चाललेली एक बाई. स्टीव्ह जॉब्ससुद्धा हासुईची चित्रं जमवायचा.

घाटवाट
म्हणजे आता ते लावलं की घरात ॲपलचा फोन पण पाहिजे.

गवाक्ष
मांडणीचं एक लक्षात ठेवा. तोकाइदो आणि ३६ दृश्यं आडवी आहेत, हिरोशिगेची एदोची १०० दृश्यं, ज्यात ओहाशीचा पाऊस येतो, ती उभी. आडवी-उभी एका ओळीत मिसळलीत तर विस्कळीत दिसतं. सोफ्यावर फक्त आडवी. उभी असतील ती दाराशेजारच्या अरुंद भिंतीवर. सगळ्यांच्या फ्रेम एकसारख्या, बारीक काळी किंवा नैसर्गिक लाकूड, सोनेरी अजिबात नको. दोन फ्रेममध्ये चार-पाच बोटं अंतर. आणि उंची! आपल्याकडे सगळे छताला लावतात. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, साधारण जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटर. सोफ्यावर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून एक वीत वर.

आज्जीचा_बटवा
आमच्याकडे चित्रं छताला लावतात कारण मुलं क्रिकेट खेळतात.

शिरीषफूल
मंडळी, अखेर ठरलं. सोफ्यावर चार आडवी, मूळ आकारात: शोनो, कानबारा, एजिरी आणि चौथं, घाटवाट तुमचा मान राखून, योशिदाचं भारतातलं एक (वेरूळची चांगली फाइल मिळाली तर ते, नाहीतर दुसरं). पिग्मेंट इंकमध्ये, कॉटनच्या मॅट कागदावर. गवाक्ष, कागद उजळ करणार नाही, निळीशाईच्या भीतीने. फ्रेमवाल्याला मोरपंखीचा प्रतिसाद छापून नेऊन दाखवला, तो वाचून म्हणाला "हे कोणी लिहिलंय, मला सांगा, माझ्याकडे कामाला ठेवतो". हाताने छापलेलं एक, ओहाशीचा पाऊस, बहीण ऑक्टोबरमध्ये ओसाकाहून येतेय ती आणणार आहे. ते उन्हात नाही, पॅसेजमध्ये लावेन. आणि नवरा म्हणतोय लाट राहिली तर राहिली, नोटेवर बघतो.

तोक्योकर
उत्तम! बहिणीला सांगा सपाट पाकिटात, दोन बोर्डांच्या मध्ये आणायला. गुंडाळी करून नळकांड्यात आणलं तर कागद महिनाभर सरळ होत नाही. आणि आल्यावर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा, ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे यंत्रावर छापलेलं आहे, हाताचं नाही. पाठीमागूनही बघा, हाताच्या छपाईत रंग मागे थोडा उतरलेला दिसतो आणि बारेनच्या गोल गोल खुणा असतात.

निळीशाई
भीतीने नाही, प्रेमाने म्हणा. :) फोटो टाकायला विसरू नका.

एक_पुणेकर
फ्रेमवाला पुण्यातला असेल तर नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. माझ्याकडे योशिदाचा ताज छापून पडलाय आणि आमच्या इथला भला माणूस लॅमिनेशनशिवाय काम घ्यायलाच तयार नाही.